तव्यावरचं जिंगिसुकान: कोवळ्या मेंढीचं मटण, जपानी पद्धतीनं

या रविवारी रस्सा बाजूला ठेवू या. कोवळ्या मेंढीच्या मटणाचे पातळ काप करायचे, ते सफरचंद, कांदा आणि सोया सॉसच्या मुरवणात काही तास ठेवायचे आणि रात्री सगळे जमले की तापलेल्या लोखंडावर दोन-तीन मिनिटांत भाजून भाज्यांसोबत थेट ताटात घ्यायचे. जपानच्या होक्काइदो बेटावरचा हा पदार्थ, नाव जिंगिसुकान. तिथं ताकिकावाच्या बाजूला मटण आधी मुरवतात, साप्पोरोकडे साधंच भाजून नंतर सॉसमध्ये बुडवतात. आपण ताकिकावाची रीत धरू, आपल्या मटणाला तीच जास्त मानवते.

चितेगावात बसून हे करायला काही अडत नाही. कोबी, लाल भोपळा, कांद्याची पात, मूग हे सगळं आपल्या बाजारातलंच. सोया सॉस चायनीजच्या गाड्यांमुळे साध्या किराणा दुकानातही मिळतो, आणि नाहीच मिळाला तर पैठण रोडनं शहर जवळ आहे. साके, मिरिन अशा बाटल्यांच्या मागे लागू नका. त्यांचा गोडवा आपण सफरचंद आणि मधातून काढू.

चार माणसांसाठी सामान

मटण: मांडीचं, हाडासकट १ किलो (हाड काढल्यावर ६०० ग्रॅमच्या आसपास उरेल), आणि लिंबाएवढा चरबीचा तुकडा.

मुरवणाला: १ मोठं सफरचंद, १ मोठा कांदा, लसणाच्या ६ पाकळ्या, दीड इंच आलं, १५० मिली लाइट सोया सॉस (साधारण १० मोठे चमचे), २ मोठे चमचे साखर, १ मोठा चमचा मध, २ मोठे चमचे पांढरे तीळ, अर्धा छोटा चमचा मिरपूड. मीठ नाही.

भाज्या: पाव कोबी, २ कांदे, लाल भोपळ्याची एक मध्यम फोड, १ सिमला मिरची, कांद्याच्या पातीची १ लहान जुडी, अर्धी वाटी कोरडे मूग.

सोबतीला: दीड वाटी इंद्रायणी तांदूळ, १ मोसंबी, २ हिरव्या मिरच्या.

गुरुवार रात्र ते शनिवार

१. गुरुवारी रात्री मूग भरपूर पाण्यात भिजत घाला. उसळीला आपण इवलासा मोड आला की मूग वापरतो. इथं दोन बोटं लांब शेपटी हवी, म्हणून इतकं आधी.

२. शुक्रवारी सकाळी मूग उपसून ओल्या सुती फडक्यात सैल बांधा. घट्ट बांधलंत तर मोड वाकडे येतात आणि आतले मूग गुदमरून चिकट होतात.

३. पुरचुंडी चाळणीत ठेवून वर पातेलं पालथं घाला. उजेड लागला की मोड हिरवट आणि थोडे कडू होतात.

४. रविवारपर्यंत सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारीही एकदा शिंपडा. आंबूस वास आला तर मोह न धरता टाकून द्या. कोबी वाढवून बेत तसाच पुढे नेता येतो.

५. शुक्रवारी संध्याकाळी मटण आणा. खाटकाला स्पष्ट सांगा: "कोवळ्या मेंढीचं, वर्षाच्या आतलं, मागच्या मांडीचं." मांस फिकट लालसर आणि चरबी पांढरीशुभ्र दिसली पाहिजे. गडद लाल मांस आणि पिवळट चरबी म्हणजे वयस्क जनावर. ते रश्श्याला उत्तम, इथं मात्र चावून चावून जबडा दुखेल. मेंढी नाहीच मिळाली तर कोवळ्या बोकडाची मांडी घ्या.

६. हाड तिथंच काढून घ्या, पण मांस अख्ख्या तुकड्यांत ठेवायला सांगा. हे दोनदा सांगा. सवयीनं सुरा चालतो आणि क्षणात रश्श्याचे तुकडे होतात. त्या तुकड्यांचे काप पडत नाहीत.

७. हाडं आणि चरबीचा तुकडा वेगळा बांधून मागून घ्या. हाडांचा अळणी रस्सा त्याच रात्री कुकरला लावा, मुलांना भातावर होईल. चरबी रविवारी तव्याला लागणार आहे.

८. घरी येताच मटणाचे अख्खे तुकडे हवे तर एकदा धुऊन स्वच्छ फडक्यानं कोरडे टिपा. नंतर काप केल्यावर पुन्हा धुवायचं नाही, चव पाण्याबरोबर वाहून जाते.

९. मटण आणि चरबी झाकणाच्या डब्यांत घालून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. शनिवारचा दिवस ते तसंच राहू द्या. आज कापलेलं आजच तव्यावर टाकलं तर कोवळं मटणही चिवट लागतं, एक-दोन दिवसांच्या थंडाव्यानं ते सैल पडतं. वर ठेवलेला डबा ठिबकला तर खालची भाजी खराब होते, म्हणून खालचाच कप्पा. वीज चार तासांहून जास्त गेली तर वाट बघू नका, त्याच दिवशी शिजवून टाका.

शनिवार पाळणाऱ्या आणि घरात मटण न ठेवणाऱ्या मंडळींनी रविवारी पहाटे पहिल्या गर्दीतच मटण आणावं आणि दुपारपर्यंत फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या पायरीला यावं. काप मात्र आणखी पातळ करावे लागतील.

रविवार दुपार: काप

सगळ्या कृतीत इथं घाई करू नका. आपलं मटण कुकरमध्ये तासभर शिजतं, त्यामुळे कसंही कापलं तरी भागतं. हे मटण आगीवर दोन-तीन मिनिटंच असणार आहे. ते मऊ लागेल की रबरी, हे सुरीनंच ठरतं.

१०. मटणाचे तुकडे ताटात सुटे मांडून एक तास फ्रीझरमध्ये ठेवा. बोटानं दाबल्यावर बाहेरून कडक आणि आतून किंचित दबणारे झाले की काढा. पूर्ण गोठले तर सुरी घसरते आणि बोटावर येते. असं झालं तर दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून थांबा.

११. तोवर सुरीला धार लावा. बोथट सुरी मांस कापत नाही, फाडते. पाटा-वरवंट्याच्या कडेवर किंवा चिनी मातीच्या कपाच्या खालच्या खरबरीत कडेवर दहा-बारा वेळा घासलीत तरी काम होतं.

१२. तुकडा पाटावर ठेवून मांसाचे धागे कुठल्या दिशेनं जातात ते बघा. लांबट रेषा दिसतील. नीट दिसत नसतील तर एका टोकाला छोटा काप घेऊन बघा.

१३. वरची पांढरी जाड चिवट पापडी सुरीच्या टोकानं सोलून काढा. चरबी राहू द्या, पापडी काढा. चरबी तव्यावर वितळते. पापडी आक्रसते आणि सगळा काप वाटीसारखा वळून बसतो.

१४. आता धाग्यांना आडवी सुरी धरून पातळ काप काढा. जाडी ३ ते ४ मिलिमीटर, म्हणजे दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवल्याइतकी. धाग्यांच्या बाजूनं, लांबीत कापलंत तर प्रत्येक घासात दोरा चावल्यासारखं वाटेल. सुरी दाबू नका, मागे-पुढे सरकवा.

१५. तुकड्याची दिशा दर दहा-बारा कापांनी पुन्हा तपासा. मांडीत तीन-चार स्नायू एकत्र असतात आणि प्रत्येकाचे धागे वेगळीकडे जातात. दिशा बदलली की तुकडा फिरवा, हात फिरवू नका.

१६. चुरा, कोपरे, वेडेवाकडे तुकडे एका वाटीत वेगळे ठेवा. तेही मुरवायचे, ते शेवटी नूडल्समध्ये किंवा भातात जातील.

१७. काप फ्रीजमध्ये ठेवून पाट, सुरी आणि हात साबणानं धुवा. भाज्या याच पाटावर चिरायच्या आहेत, म्हणून हे आत्ताच.

मुरवण

१८. तीळ कोरड्या कढईत मंद आचेवर तांबूस भाजा. तडतडायला लागले की लगेच ताटात काढा. कढईत राहिले तर गॅस बंद असूनही करपतात.

१९. तीळ गार झाल्यावर खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सरला लावलंत तर तेल सुटून गोळा होतो. जपानी मंडळी भाजक्या तिळाचं तेल वापरतात. आपलं देवापुढचं तिळाचं तेल त्याच्या जागी घालू नका, त्याला तो खमंग वास नसतो. हे कूट ते काम करतं.

२०. सफरचंद सालीसकट बारीक किसणीवर किसा. पिठूळ झालेलं जुनं सफरचंदही चालेल. किस काळा पडला तर पडू द्या, सोया सॉसमध्ये रंग दिसत नाही.

२१. त्याच भांड्यात कांदा किसा. मिक्सरमध्ये वाटू नका. वाटलेल्या कच्च्या कांद्याला उग्र कडवटपणा येतो.

२२. आलं आणि लसूण किसून घाला. आपल्या नेहमीच्या आलं-लसूण पेस्टच्या मापानं जाऊ नका, इथं ते मागच्या रांगेत बसणार आहेत.

२३. सोया सॉस ओता. बाटलीवर 'लाइट' किंवा नुसतं 'सोया सॉस' लिहिलेलं असू दे. 'डार्क' लिहिलेला घट्ट काळा सॉस घेतलात तर रंग डांबरासारखा येईल आणि तव्यावर आधी तोच जळेल.

२४. साखर, मध, मिरपूड आणि अर्धं तिळाचं कूट घालून साखर विरघळेपर्यंत ढवळा. उरलेलं कूट झाकून ठेवा.

२५. बोट बुडवून चव बघा. आधी खारट, लगेच गोड, मागून आल्याचा झणका, असं लागलं पाहिजे. नुसतं खारट लागलं तर आणखी अर्धं सफरचंद किसा. साखर वाढवू नका, जास्तीची साखर तव्याला चिकटून कडू होते.

२६. यातला एक तृतीयांश भाग, अंदाजे एक वाटी, लगेच वेगळ्या भांड्यात काढा. हे अजिबात विसरू नका. मटण घातल्यानंतर काढलेलं मुरवण कच्चं मटण लागलेलं असतं, ते ताटात वाढायचं नाही.

२७. उरलेल्या मुरवणात मटणाचे काप सुटे करून एकेक सोडा. सगळा गठ्ठा एकदम टाकला तर मधले काप कोरडेच राहतात.

२८. हातानं हलकेच वरखाली करून झाकण लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा. तीन तास उत्तम. रात्रभर ठेवलंत तर मटण खारट आणि घट्ट होतं, म्हणून त्याच दिवशी खा.

मटण थोडं वयस्क निघालं असेल, तर मुरवणात एक छोटा चमचा कच्च्या पपईचा किस घाला, पण मग तासाभरात तव्यावर आलंच पाहिजे. पपई घालून तीन तास विसरलात तर हातात लगदा येतो.

संध्याकाळ: भाज्या, भात, बुडवायचा सॉस

२९. इंद्रायणी तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा आणि दीड वाटीला सुमारे पावणेतीन वाट्या पाणी घालून शिजवा. हा भात मऊ आणि किंचित चिकट होतो, त्यामुळे मटणाचा रस धरून ठेवतो. बासमती इथं फुकट जाईल. सुटासुटा दाणा रसाला पकडत नाही.

३०. भोपळ्याची बी काढून सालीसकट अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करा. याहून जाड ठेवल्या तर मटण संपेल तरी त्या कच्च्याच असतील.

३१. कोबीचे दोन बोटं रुंद मोठे चौकोन करा. भजीसारखा बारीक चिरलात तर पाणी सुटून तव्यावर तळं होईल.

३२. कांद्याच्या अर्धा इंच जाड चकत्या आणि सिमला मिरचीच्या रुंद पट्ट्या करा. मूळ टोक थोडं राहू दिलंत तर कांदा सुटत नाही.

३३. पातीचे दोन-दोन इंचाचे तुकडे करा. पांढरा भाग वेगळा ठेवा, तो आधी पडेल.

३४. मोडाचे मूग पाण्यात हलवून वर आलेली टरफलं काढा आणि चाळणीत पूर्ण निथळू द्या. ओले मूग तव्यावर गेले की चुर्रकन वाफ होते आणि भाजणं थांबतं.

३५. वेगळं काढलेलं वाटीभर मुरवण लहान पातेल्यात मंद आचेवर चार-पाच मिनिटं उकळा. कच्च्या कांद्याचा वास गेला आणि बुडबुडे जाडसर झाले की उतरवा. फार आटवू नका, खारट होईल.

३६. ते चार लहान वाट्यांत वाटून वर उरलेलं तिळाचं कूट आणि हिरव्या मिरचीच्या चकत्या घाला. मोसंबी आत्ताच पिळू नका. आपल्या पैठण-पाचोडकडची मोसंबी कितीही गोड असली तरी रस काढून ठेवला की तासाभरात कडवट होतो. चतकोर फोड प्रत्येकाच्या ताटाशी ठेवा, ज्यानं त्यानं जेवताना पिळावी. बिया आणि पांढरी साल मात्र चिरडू नका.

तवा

३७. बिडाचा सपाट डोशाचा तवा काढा. होक्काइदोत या पदार्थाचा खास घुमटी तवा असतो, वर मटण आणि खाली कडेच्या खोबणीत भाज्या, म्हणजे वितळलेली चरबी भाज्यांवर उतरते. तो बघून कुणी कढई पालथी घालायचं सुचवेल. तसं करू नका. कढईला खोबण नसते, चरबी थेट बर्नरवर ओघळते आणि भडका उडतो. नॉनस्टिकही नको, कारण तो कोरडा इतका तापवायचा नसतो.

बिडाचा तवा नसेल तर ज्वारीच्या भाकरीचा जाड लोखंडी तवा घ्या. तो मध्ये खोलगट असतो, म्हणून मांडणी उलटी करा: भाज्या मधल्या खोलगट भागात, मटण कडेच्या उतारावर. मटण मध्ये टाकलंत तर ते सगळ्यांच्या रसात उकडेल.

३८. स्वयंपाकघराची खिडकी आणि दार उघडा. धूर भरपूर होतो आणि त्याचा वास पडद्यांत दोन दिवस राहतो. वाळत घातलेले कपडे आधीच उचला.

३९. मटण फ्रीजमधून काढून चाळणीत घाला आणि दहा मिनिटं निथळू द्या. खाली जमलेलं मुरवण टाकू नका, पुढे लागेल.

४०. दोन चिमटे काढून ठेवा, एक कच्च्यासाठी आणि एक शिजल्यासाठी. एकच असेल तर कच्च्याला चिमटा आणि शिजल्याला उलथनं. गप्पांच्या भरात ही अदलाबदल हमखास होते, म्हणून कच्च्याचा चिमटा मटणाच्या भांड्यातच ठेवा.

४१. तवा मोठ्या बर्नरवर मध्यम-मोठ्या आचेवर पाच मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडाला पाहिजे. थेंब नुसताच बसून राहिला तर आणखी थांबा.

टेबलावर बसून सगळ्यांनी मिळून भाजायचं असेल तर सपाट बुडाचा बिडाचा तवा इंडक्शनवर छान चालतो. गॅसचा छोटा सिलिंडर मात्र मुलांच्या कोंडाळ्यात जेवणाच्या टेबलावर आणू नका. त्यापेक्षा ओट्याभोवती उभं राहून खाल्लेलं बरं.

भाजणं

४२. चरबीचा तुकडा चिमट्यात धरून सगळ्या तव्यावर फिरवा. तेल ओतायचं नाही. तवा चकाकला की तुकडा कडेला सोडून द्या, तो तिथंच वितळत राहील.

४३. भोपळ्याच्या चकत्या कडेनं मांडून तीन मिनिटं हलवू नका. डाग पडले की उलटा.

४४. कांदा आणि पातीचा पांढरा भाग कडेनं लावा.

४५. दोन मिनिटांनी कोबी, सिमला मिरची आणि मूग त्याच कडेवर रचा. मधली जागा तळहाताएवढी तरी रिकामी राहिली पाहिजे. भाज्या जास्त वाटल्या तर अर्ध्या दुसऱ्या फेरीला ठेवा.

४६. मधल्या जागेत आठ-दहा काप एकमेकांना न चिकटता पसरा. सगळ्यात जास्त बेत इथं बिघडतो. पाहुणे भुकेले असतात, हात भरभर चालतो, तव्यावर पाव किलो मटण एकदम पडतं, तवा गार होतो आणि पाणी सुटतं. थोडं टाका, पटकन भाजा, पुन्हा थोडं टाका. चुर्र आवाज थांबला की समजा जास्त झालं.

४७. एक मिनिट हात लावू नका. सारखं उलथत राहिलात तर खरपूस रंग धरत नाही.

४८. कडा करड्या झाल्या आणि वरून रसाचे थेंब दिसू लागले की काप एकेक उलटा.

४९. आणखी मिनिट-दीड मिनिट भाजा. मधोमध लाल ओलेपणा राहता कामा नये, आणि वाकून कडक होईपर्यंतही थांबू नका. पहिला काप स्वतः चावून बघा, पुढच्या सगळ्यांची वेळ त्यावरून कळेल.

५०. भाजलेले काप भाज्यांच्या ढिगावर सरकवा. तिथं ते गरम राहतील पण करपणार नाहीत, आणि त्यांचा रस कोबीत उतरेल.

५१. निथळलेल्या मुरवणाचे दोन मोठे चमचे भाज्यांवर शिंपडा आणि दोन मिनिटं चांगलं खदखदू द्या. हे कच्च्या मटणाखालचं आहे, म्हणून नुसतं ओतून लगेच वाढायचं नाही. मधल्या रिकाम्या जागेत सांडलं तर क्षणात काळं होतं, तेव्हा कडेकडेनंच.

५२. पातीचा हिरवा भाग वरून टाका आणि लगेच वाढायला घ्या. ताटात आधी गरम भात, त्यावर कोबी-मूग, वर मटण, शेजारी सॉसची वाटी. आता मोसंबी पिळायची. भाकरीवाले असतील त्यांना भाकरी द्या. पातळ ज्वारीच्या भाकरीच्या तुकड्यात हे मटण फार छान लागतं. पण पहिला घास भाताबरोबर घ्यायला सांगा.

५३. पुढच्या फेरीआधी तव्याच्या मध्ये दोन चमचे पाणी टाकून चिकटलेलं उलथन्यानं खरवडा आणि चिमट्यात धरलेल्या फडक्यानं पुसून घ्या. हे टाळलंत तर दुसऱ्या फेरीपासून सगळ्याला जळक्या साखरेचा कडवटपणा येतो.

५४. पुन्हा चरबी फिरवा आणि ४३व्या पायरीपासून चालू ठेवा. भोपळा संपला असेल तर सरळ कांद्यावर या.

दुसऱ्या पाळीहून रात्री बारा-साडेबाराला घरी येणारं कुणी असेल, तर त्यांच्या वाट्याचे काप भाजून झाकून ठेवू नका. कच्चेच, निथळून, फ्रीजमध्ये ठेवा. ते हात-पाय धुऊन येईपर्यंत तवा तापतो आणि पाच मिनिटांत ताट तयार होतं. शिळं गरम केलेलं जिंगिसुकान चिवट लागतं, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाला सगळ्यात चांगला घास मिळाला पाहिजे.

शेवटची फेरी

५५. मटणाचा चुरा आणि कोपरे तव्यावर टाकून तीन-चार मिनिटं परता. हे जाडेभरडे असतात, म्हणून कापांपेक्षा जास्त वेळ.

५६. त्यावर उकडून निथळलेल्या जाड नूडल्स किंवा उरलेला भात घाला. होक्काइदोत इथं उडोन नावाच्या जाड गव्हाच्या नूडल्स टाकतात. आपल्याकडच्या हक्का नूडल्स चालतील, मात्र थोड्या कच्च्याच उकडा, तव्यावर शिजणं पुरं होईल.

५७. उरलेलं निथळलेलं मुरवण घालून पूर्ण आटेपर्यंत मोठ्या आचेवर हलवत राहा. तळाला ओल दिसते तोवर उतरवू नका. मुलं याच फेरीची वाट बघतात, तेव्हा थोडं जास्तच करा.

५८. गॅस बंद करून तवा गरम असतानाच त्यात वाटीभर गरम पाणी ओता. गार पाणी नको, बीड तडकतं. वाफ येते, तोंड मागे ठेवा.

५९. लाकडी उलथन्यानं चिकटलेलं खरवडून पाणी ओतून द्या. सिंकमध्ये मात्र नाही, चरबी गोठून नळी तुंबते. जुन्या वर्तमानपत्रात टिपून कचऱ्यात टाका.

६०. तवा पुन्हा गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करा आणि फडक्यानं तेलाचा पातळ हात द्या. ओला ठेवलात तर सकाळपर्यंत गंज धरेल, आणि सकाळी त्याच तव्यावर धिरडी घालायची आहेत.